खुबा बदलण्याआधी

खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन आपल्याकडे सुरू करायचं ठरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण जरा उशिरानेच.

ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं. तोवर नाशिकमध्ये कुणाचा खुबा झिजून गेला, तर ज्याची ऐपत तो मुंबईला जायचा, बाकीचे काठीवर आणि नंतर खाटेवर दिवस काढायचे. आमचे हाडांचे डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, फार न बोलणारे. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, ऑपरेशन मी करीन. पण पेशंट टेबलावर येईपर्यंत तो तुमचा. त्याची तयारी कशी करतात ते तुम्ही शिकून या."

मी तेव्हा तिशीची होते. वडील छापखान्यातून निवृत्त झालेले, धाकट्या बहिणीचं शिक्षण चाललेलं. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतली मी पहिली नर्स. विहारात कुणाला ताप आला, कुणाला विंचू चावला, तरी आधी माझ्याकडे निरोप यायचा. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात महिनाभर राहायला निघाले तेव्हा आईने शेजारपाजारी सांगितलं, "मोठ्या कोर्सला चाललीय." कोर्स वगैरे काही नव्हता. एका वयस्कर मल्याळी सिस्टरच्या मागे मागे वॉर्डात फिरायचं आणि बघायचं, एवढंच.

ती सिस्टर पेशंटजवळ गेली की आधी त्याच्या पायाची बोटं फाकवून बघायची. मग तोंड उघडायला लावायची. मग लघवीचा रिपोर्ट. मला म्हणायची, "चमडी देखो, दाँत देखो, पेशाब देखो. कहीं भी गंदगी है, तो वो सीधा नये जोड़ में जाके बैठती है."

ती असं का म्हणते, ते वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर बघायला मिळालं. तिथे एक गृहस्थ होते, कुठल्यातरी ऑफिसात हेडक्लार्क. नवा सांधा बसवल्यावर आत पू झाला होता आणि शेवटी सांधा काढूनच टाकावा लागला होता. खुब्याच्या जागी काहीच नव्हतं. पाय आखूड झाला होता आणि टाच आपोआप बाहेर वळायची, जणू तो पाय त्यांचा नव्हताच. मोठा विनोदी माणूस. मला बघून म्हणाले, "सिस्टर, नीट शिकून जा हं. नाहीतर तिकडे माझे भाऊबंद तयार व्हायचे." मी हसले. पण परतीच्या गाडीत, कसारा चढताना, डोळ्यांसमोर तीच टाच होती.

आमची पहिली पेशंट आली ती सटाण्याकडची. दिवाळी होऊन गेली होती, नाशिकला थंडी पडायला लागली होती. नवऱ्याच्या खांद्यावर एक हात आणि दुसऱ्या हातात काठी, अशी ती बाई वॉर्डाच्या दारातून आत आली. दर पावलाला तिचं सगळं अंग एका बाजूला कलंडायचं आणि ओठ आवळले जायचे. वय पंचावन्नच्या आसपास. उंच, काटक, उन्हाने रापलेली, नऊवारी लुगडं, हिरड्यांवर मिसरीचा काळा थर. खाटेवर बसल्या बसल्या तिने वॉर्डभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "तू माझं ऑपरेशन करणार का गं?"

"नाही मावशी, मी तयारी करणार."

"मंग कर," ती म्हणाली आणि पाय पुढे केला.

तिची घरची कांद्याची शेती होती. नवरा शांत, टोपी हातात धरून उभा राहणारा. मला 'ताई' म्हणायचा आणि काहीही विचारलं की आधी बायकोकडे बघायचा. ती आमच्याशी बोलताना गावाकडची मराठी बोलायची. पण आतलं काही बोलायचं असलं, राग आला किंवा दुखायला लागलं, की अहिराणीवर यायची. सुरुवातीला मला निम्मंच समजायचं. पुढे तिची भाषा बदलली की मी सावध व्हायला शिकले.

मी तिच्या पायाची बोटं फाकवली आणि तशीच धरून ठेवली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या, ओल्या, पांढऱ्या पडलेल्या. ओल्या रानात वावरणाऱ्या बाईला त्याचं काही वाटत नाही. मला त्यात ती बाहेर वळलेली टाच दिसली. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बऱ्या होईपर्यंत थांबू. घाई नाही." खरं तर घाई त्यांनाही होती. सांधा मुंबईहून आला होता, स्टीलचा गोळा नि दांडा, आणि प्लॅस्टिकची वाटी. तो थिएटरच्या कपाटात ठेवला होता, डॉक्टर येता-जाता कपाट उघडून बघायचे.

मग आमची दोघींची रोजची कामं सुरू झाली. सकाळी तिचे पाय धुऊन कोरडे करायचे, बेचक्यांना औषध लावून कापसाचे बोळे ठेवायचे. मिसरी बंद करायची. त्यावर तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला आणि नंतर डोकं दुखतंय म्हणून मलाच बोलावून घेतलं. एक किडकी दाढ होती ती काढून आणली. छाती मोकळी राहावी म्हणून पाण्याच्या बाटलीत रबरी नळीने बुडबुडे काढायचे. ती इतक्या जोरात फुंकायची की पाणी खाटेवर सांडायचं आणि शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ऑपरेशननंतर दोन्ही पायांत उशी ठेवून झोपायचं असतं, तेही आधीच शिकवलं. वॉकर धरून कसं चालायचं, कुशीवर कसं वळायचं, खाटेवरून उतरताना कुठला पाय आधी टाकायचा, हे सगळं दुखत असताना नव्याने शिकता येत नाही. आधीच अंगवळणी पडावं लागतं.

ती पटकन शिकायची. डॉक्टर राउंडला आले की माझ्याकडे बघून किंचित मान हलवायचे. चिखल्या सुकत आल्या. ऑपरेशनचा दिवस ठरला. थिएटर औषधाच्या धुराने भरून बंद करायचं, तिच्या पायाची कातडी रोज साबणाने धुऊन, औषध लावून निर्जंतुक फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे माझ्या डोक्यात सारखं फिरत राहायचं. जेवण जात नव्हतं. आई विचारायची, "तुझंच ऑपरेशन आहे का?"

आणि मग संडासाच्या खुर्चीवरून सगळं निघालं.

लाकडी खुर्ची, मध्ये भोक, खाली भांडं. नवा सांधा बसवल्यावर उकिडवं बसायचं नसतं, म्हणून उंचावर बसायची सवय करून घ्यायची. मी तिला खुर्चीवर कसं टेकायचं ते दाखवत होते. ती बसली, हसली, म्हणाली, "राणीसारखं वाटतंय. पण हे किती दिवस करायचं?"

मी म्हटलं, "आता हेच मावशी. घरीसुद्धा अशीच खुर्ची करून घ्यायची."

"टाके सुकेपर्यंत ना?"

मी उत्तर द्यायच्या आत ती पुढे बोलायला लागली. चेहरा उजळलेला, आणि बोलता बोलता भाषा बदललेली. "पाय बरा व्हयना का मी बठसू वाफामा. सगळ्यास्ले दाखाडसू."

पाय बरा झाला की मी वाफ्यात बसणार, सगळ्यांना दाखवणार.

मग तिने मला सांगितलं. तिच्या गावात कांद्याच्या लागणीला तिच्या हाताची बाई नव्हती. लागणीच्या दिवसांत बायकांची अख्खी टोळी घेऊन ती वाफ्यात उतरायची, उकिडवी बसून ओळीच्या ओळी लावत पुढे सरकायची आणि तिच्या मागे बाकीच्या. गाणी तीच सुरू करायची, थट्टाही तीच. खुबा गेला तेव्हापासून ती बांधावर उभी राहून बघायची. बायका तिला बसायला गोणपाट आणून द्यायच्या, म्हातारीला द्यावं तसं. तिच्यासाठी ऑपरेशन म्हणजे परत त्या वाफ्यात उतरणं होतं. चालणं वगैरे तिच्या मनातही नव्हतं. चालत तर ती आताही होती, कशीबशी.

मी खुर्ची पुसत राहिले.

डॉक्टर खाली ओपीडीत होते. पेशंट संपेपर्यंत मी दाराशी थांबले, मग आत जाऊन सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "मी सांगितलं होतं त्यांना. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही. नवरा मान हलवत होता."

"त्यांना वाटलं टाक्यांपुरतं."

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. "उकिडव्या बसल्या तर सांधा निखळेल. त्या बसतीलच ना, सिस्टर?"

"वाफ्यात नक्की बसतील."

"मग सांगायला हवं. आजच. मी येतो तुमच्याबरोबर. पण बोला तुम्ही. माझं त्या ऐकतात, तुमचं त्यांना कळतं."

आम्ही दोघं वर गेलो. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मी स्टुलावर बसले, तिचा हात धरायला गेले, पण धरला नाही. आधी सांगून टाकावं असं वाटलं.

"मावशी, नवीन सांधा बसला की दुखायचं थांबेल. सरळ चालता येईल. पण खाली बसता येणार नाही. उकिडवं नाही, मांडी घालूनही नाही. टाके सुकल्यावरही नाही."

तिने आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधीच नही?"

"कधीच नाही."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने उगाचच पाण्याचा तांब्या उचलला. नवरा म्हणाला, "अगं, पण दुखणं तर जाईल," आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो टोपीची घडी घालायला लागला. डॉक्टर म्हणाले, "विचार करा. उद्या सांगा." तिने पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा तिने पायातले कापसाचे बोळे काढून उशीपाशी ओळीने ठेवले होते आणि लुगड्यांचं गाठोडं बांधलं होतं. "माले घर जानं शे," एवढंच म्हणाली. नवऱ्याने हात जोडले, मी समजावलं, पण ती भिंतीकडे बघत राहिली. जिने उतरताना तिने माझा हात घेतला नाही. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत ती खाली गेली. मी वरच उभी होते.

मेट्रनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या वाईट बाई नव्हत्या, पण तेव्हा चिडल्या होत्या. "ऑपरेशनच्या तोंडावर पेशंटला घाबरवायचं असतं का? आधी बरं होऊ द्यायचं, मग हळूहळू सांगायचं." मी म्हटलं, "मॅडम, मग त्या वाफ्यात बसल्या असत्या." त्या म्हणाल्या, "आणि आता? आता त्या कुठेच बसणार नाहीत, कुठेच चालणार नाहीत." मी वॉर्डात परत आले. डॉक्टर उलट नेहमीपेक्षा सौम्य वागायचे. त्यानेच मला जास्त लागायचं. कपाटातला सांधा तसाच होता. दुसरा पेशंट तयार होत नव्हता. पहिला कसा होतो ते बघू, असं सगळ्यांचं चाललेलं.

मला वाटत राहायचं, मी बरोबर केलं की एका बाईचं चालणं घालवलं? कामात चुका नाही झाल्या, पण प्रत्येक इंजेक्शन भरताना दोनदा बघायला लागले, प्रत्येक पट्टी सोडून पुन्हा बांधायला लागले.

काही आठवडे गेले. एके दिवशी मीच डॉक्टरांना म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी सटाण्याला जाऊन येऊ का? घर कसं आहे ते तरी बघते. पुढे कधी तयार झाल्या तर उपयोगी पडेल." त्यांनी नवऱ्याने दिलेला पत्ता काढून दिला. म्हणाले, "ऑपरेशन करा म्हणून गळ घालू नका." मी म्हटलं, "नाही घालत." घालणार होते की नाही, मलाच माहीत नव्हतं.

सकाळची एसटी, पिंपळगाव बसवंतपर्यंत खिडकीतून द्राक्षबागा, पुढे गाडी मोकळ्या रानात शिरली तसा गार वारा. सटाण्याला उतरून दुसरी गाडी धरली, मग थोडं चालले. गावात विचारलं तर एका म्हातारीने मळ्याकडे बोट केलं. "तठे शे, लागन चालू शे."

ती बांधावर उभी होती. दोन्ही हात काठीवर. समोर पाण्याने भिजवलेले वाफे आणि त्यात बायका ओळीने बसलेल्या, हात भराभर चाललेले. मला बघून तिने मान वळवली आणि पुन्हा वाफ्याकडे बघायला लागली. नवरा दुरून धावत आला, "ताई, तुम्ही कशाला आल्या एवढ्या लांब," म्हणत घराकडे चहा सांगायला गेला. मी तिच्याशेजारी उभी राहिले. एसटीत जुळवलेलं सगळं विसरले होते.

बऱ्याच वेळाने तिने काठीने वाफ्याकडे दाखवलं. "बठ."

मला वाटलं बांधावर बस म्हणते. मी टेकायला गेले. "आठे नही. तठे. वाफामा. बठ आनि लाव."

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरले. बायकांनी सरकून जागा दिली. एकीने माझ्या हातात रोपांची जुडी दिली. मी उकिडवी बसले. पाणी बर्फासारखं गार. एक रोप लावलं, ते आडवं पडलं. दुसरं फार खोल गेलं. वरून काठी आली आणि माझ्या हाताशेजारी चिखलात टोचली गेली. "आठे. बोटभर." पुन्हा लावलं. "आसं नही." पुन्हा. बायका हसत होत्या, पण कुचेष्टेने नव्हे. मी ओळ पुरी करेपर्यंत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या, कमरेतून कळ निघत होती, आणि शेजारची बाई मला मागे टाकून कधीच पुढे गेली होती. मी उठायला गेले तर उठवेना. दोघींनी हाताला धरून उठवलं.

"तुले समजनं का आते?" बांधावरून ती म्हणाली.

मी म्हटलं, "समजलं."

ती काठीवर रेलली. चेहऱ्यावर घाम होता, एवढ्या थंडीत. मला तेव्हा दिसलं की ती सकाळपासून उभी आहे आणि आता तिला तेही झेपत नाहीये. तिचा दुखरा पाय लटलटत होता. मी चिखलाच्या हाताने तिला कंबरेतून धरलं. तिने झिडकारलं नाही. आम्ही तशाच घराकडे निघालो, चार पावलं चालायची, थांबायचं.

वाटेत एका जागी थांबून ती म्हणाली, "उभं राहीसन बी दुखस, झोपीसन बी दुखस." मग जरा वेळाने मराठीत, माझ्याकडे न बघता, "त्या ऑपरेशनाने उभं राहता येईल का? दिवसभर?"

"येईल मावशी. चालताही येईल. पण..."

"पणाचं माहीत आहे मला," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर मी तिची खाट बघितली, खूप खाली होती. पायांखाली विटा घालायला सांगितल्या. संडासासाठी नवरा रोज तिला शेताच्या कडेला नेत होता. तिथे आडोसा करून लाकडी खुर्ची ठेवता येईल का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "सुताराला सांगून ठेवलंय, ताई. तुम्ही दाखवली होती तशीच." तिला हे माहीत नव्हतं. ती काहीतरी पुटपुटली आणि तोंड फिरवून चुलीकडे बघत बसली, उंच पाटावर, पाय सरळ सोडून. हो किंवा नाही, काहीच न सांगता तिने मला निरोप दिला. परतीच्या एसटीत माझ्या नखांत चिखल होता आणि मनात तीच धाकधूक.

लागण उरकल्यावर, एका सकाळी, ती आली. गाठोडं खाटेवर ठेवून पाय पुढे केला आणि म्हणाली, "बघ. चिखल्या नाहीत. पाण्यात पाय घातला नाही मी."

बेचकी कोरडी होती. पुन्हा सगळं केलं, बुडबुडे, वॉकर, उशी. या वेळी ती हसत नव्हती. मी जे सांगेन ते पुन्हा म्हणून दाखवायची, शाळेतल्या मुलीसारखं. "पायावर पाय नाही. वाकून खालचं उचलायचं नाही. खाली बसायचं नाही." शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज दरवेळी बारीक व्हायचा.

ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या काढायच्या होत्या. फोडू देईना. मी साबण लावून एकेक सरकवत काढली, हात सोलवटला, पण एकही फुटली नाही. स्ट्रेचरवर घेतल्यावर तिने माझा हात धरला तो थिएटरच्या आतपर्यंत सोडला नाही. भुलेचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मोकळा करा हात." मला तो तिच्या बोटांतून सोडवून घ्यावा लागला.

आत मी सामान द्यायला होते. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम मी दोनदा टिपला. सांधा हाडात पक्का बसवायचं सिमेंट कालवलं तेव्हा त्याचा उग्र वास थिएटरभर पसरला. ते आत भरलं, दांडा ठोकला, आणि भुलेचे डॉक्टर एकदम म्हणाले, "थांबा. प्रेशर पडतंय." सगळे हात जागच्या जागी थांबले. डॉक्टर मास्कवरून माझ्याकडे बघत होते, मी सलाइनकडे. बाटलीतले थेंब धारेसारखे पडत होते. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग भुलेचे डॉक्टर म्हणाले, "येतंय वर. चालू द्या." मी ट्रॉलीला धरून उभी राहिले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

मला आता काय आठवतं, तर तो पारा. थर्मामीटर खिडकीपाशी नेऊन बघितला, झटकून पुन्हा लावला, पुन्हा तेवढाच. जखम झाकलेली होती. आत काय चाललंय कुणास ठाऊक. मुंबईच्या त्या गृहस्थांची टाच दिसायला लागली. डॉक्टर आले, छाती तपासली, लघवी पाठवली, मग म्हणाले, "पट्टी सोडू." मी ट्रे आणला. मी चिमट्याने एकेक थर उचलत होते आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, जखमेकडे नाही. शेवटचा गॉज उचलला. टाके कोरडे, कडा जुळलेल्या. लाली नाही. ओल नाही. मी वास घेतला, औषधाशिवाय कसलाच वास नव्हता.

तिने विचारलं, "काय?"

मी म्हटलं, "छान आहे." सलाइन लावलेल्या हाताला सूज होती, ताप तिथला होता. सुई बदलली आणि दोन दिवसांत उतरला. पण त्या दोन दिवसांत मी घरी जाऊनसुद्धा डोळे मिटले की पारा बघत होते.

ती वॉकर धरून उभी राहिली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. तिने पाय टाकला, दुसरा टाकला. अंग कलंडलं नाही. ती थांबली, पुन्हा एक पाऊल टाकून बघितलं, जणू विश्वास बसत नव्हता. मग रडायला लागली. नवरा म्हणाला, "दुखतंय का?" तर मान हलवून म्हणाली, "नही दुखत. तेच तं."

घरी जाताना खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती माझी वाट बघत होती. मला वाटलं काही आशीर्वाद वगैरे देईल. तिने विचारलं, "एकदाच बसलं तर? थोडा वेळ?" मी म्हटलं, "मावशी!" मी नवऱ्याला बाजूला घेऊन पुन्हा बजावलं. तो म्हणाला, "मी नजर ठेवतो, ताई." पण कांद्याच्या मळ्यात कोण कुणावर नजर ठेवणार? पुढची दोन-तीन वर्षं लागणीचे दिवस आले की मला त्या मळ्याची आठवण यायची आणि हॉस्पिटलचा फोन वाजला की दचकायला व्हायचं.

ती बसली नाही. तपासणीला यायची, आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय. नवरा एकदा तक्रार सांगत होता, म्हणजे सांगताना हसत होता. आधी ती एका जागी उभी राहून ओरडायची, आता पूर्ण बांधभर फिरते, प्रत्येकीच्या मागे जाऊन काठी टोचते. बायका म्हणतात, दादा, हिचा पाय कशाला बरा केला? ती हे ऐकून हसली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, पाय कसा आहे?" ती म्हणाली, "पाय चांगला शे, डॉक्टर." मग थांबून, माझ्याकडे बघून, "बाकी मना जीवलेच माहीत." डॉक्टरांनी तिला दाराशी नेऊन सोडलं, कुठल्याच पेशंटला ते असं सोडायला जात नसत.

तिच्यानंतर हळूहळू बाकीचे तयार झाले. पिंपळगावचे एक द्राक्षबागाईतदार, एक शाळामास्तर, हरसूलकडची एक बाई. मी प्रत्येकाची बोटं फाकवून बघायचे, दात बघायचे, लघवीचा रिपोर्ट बघायचे. पण साबणाला हात लावायच्या आधी स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "हा पाय बरा झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?" काही जण लगेच सांगत. काही जण अवघडून दुसरीकडे बघत. शाळामास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, विपश्यनेला बसायचं होतं हो, मांडी घालून."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.